तीन पाडवे आणि एक फसवा शब्द : 'लांबणीवर'

१/
महामारीच्या काळातील संगीताचा इतिहास आता लिहिला जाऊ लागला आहे आणि त्याची पहिलीच ओळ चुकीची पडते आहे. ती साधारण अशी असते : कोविडमुळे रॉक बँडांचे अल्बम रखडले, दौरे लांबणीवर पडले, दोन वर्षांनी सारे पूर्ववत झाले. ही ओळ खोटी नाही. मात्र ती ज्यांच्याबद्दल खरी आहे, त्यांची संख्या फार थोडी आहे. 'लांबणीवर' हा शब्द इतका सभ्य आहे की, त्याच्या आड काय काय बुडाले हे कोणी विचारीत नाही. या धाग्याचे भांडण त्या एका शब्दाशी आहे, आणि ते नाशिकच्या भूमीवरून मांडलेले आहे.

२/
आधी ज्यांना तो शब्द शोभतो, त्यांची गोष्ट.

पर्ल जॅम या अमेरिकी बँडने ९ मार्च २०२० रोजी आपला दौरा पुढे ढकलला. 'गिगाटन' हा अल्बम मात्र ठरल्याप्रमाणे २७ मार्च २०२० रोजी बाजारात आणला. फू फायटर्सने उलट मार्ग धरला. त्यांचा 'मेडिसिन अॅट मिडनाइट' तयार असूनही थांबवून ठेवण्यात आला आणि ५ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकाशित झाला. रेज अगेन्स्ट द मशीनचा पुनर्मीलनाचा दौरा मार्च २०२० मध्ये सुरू व्हायचा होता; पहिला कार्यक्रम झाला जुलै २०२२ मध्ये. रोलिंग स्टोन्सचा अमेरिकेतील दौरा मे २०२० ऐवजी सप्टेंबर २०२१ मध्ये उभा राहिला, आणि तोवर चार्ली वॉट्स नव्हते. २४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. म्हणजे 'लांबणीवर' पडलेल्या गोष्टीही जशाच्या तशा परत येत नाहीत. हे आधीच मान्य करून ठेवलेले बरे.

३/
अल्बम का थांबवतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. ध्वनिमुद्रिका विकून पोट भरण्याचा काळ रॉक बँडांसाठी केव्हाच संपला आहे. स्ट्रीमिंगमधून हाती येणारी रक्कम किरकोळ असते. खरा पैसा दौऱ्यातून, तिकिटांतून आणि कार्यक्रमस्थळी विकल्या जाणाऱ्या टी-शर्टांतून येतो. त्यामुळे अल्बम हा दौऱ्याची दवंडी झाला आहे. दौराच नसेल तर दवंडी पिटून उपयोग काय? म्हणून काहींनी ती राखून ठेवली, काहींनी तशीच पिटली. दोन्ही बाजूंना एक गोष्ट समान होती : निवड करण्याची सोय. गाणी मुद्रित होऊन सुरक्षित होती. ती वर्षभराने शिळी होणार नव्हती. पुष्कळ ठिकाणी विकलेली तिकिटे नव्या तारखेला तशीच चालणार होती.

४/
येथे एक उपकथा. २०२० नंतर लाँगप्ले तबकड्या मिळण्यास झालेल्या उशिराचे खापर सर्रास साथीवर फोडले जाते. पण ६ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या कितीतरी आधी, कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना जळून खाक झाला. तबकडीच्या साच्यासाठी लागणारी लाखेची मूळ चकती बनवणारे जगात दोनच कारखाने उरले होते, त्यांतला हा एक. दुसरा जपानमध्ये. साथीने ती अडचण वाढवली. निर्माण केली नाही. एखादी घटना दुसरीच्या नंतर घडली म्हणून पहिलीमुळेच घडली, असे मानण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात सोडायची असते. साथीबाबत ती सवय भल्याभल्यांना पुन्हा जडली आहे.

५/
आता नाशिक. गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळ्यांत २००८ पासून 'सुलाफेस्ट' हा संगीत महोत्सव भरत आला. देशातील पहिला कोविड रुग्ण केरळात ३० जानेवारी २०२० रोजी नोंदला गेला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ आणि २ फेब्रुवारीला, हा महोत्सव नेहमीसारखा पार पडला. नंतर तो झाला नाही. पुन्हा भरला तो २०२५ च्या फेब्रुवारीत.

'साथीमुळे पाच वर्षे खंड' असे याचे वर्णन केले जाते. हे वर्णन आळशी आहे. राज्यातील निर्बंध एप्रिल २०२२ मध्ये संपले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा परदेशी महोत्सव भारतात प्रथमच भरला आणि तेथे हजारो लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. तेव्हा २०२१ आणि २०२२ ची अनुपस्थिती साथीच्या खात्यावर टाकता येईल. २०२३ आणि २०२४ ची टाकता येणार नाही. ती व्यवसायाच्या निर्णयांची आहे. निर्णय घेण्याचा हक्क आयोजकांना असतोच, पण निर्णयाला आपत्तीचे नाव देऊ नये.

६/
नाशिकने 'लांबणीवर' या शब्दाचा एक निर्दोष वापरही पाहिला आहे. ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २६ ते २८ मार्च २०२१ या दिवसांत नाशिकला व्हायचे होते. दुसरी लाट उसळली, संमेलन पुढे गेले आणि ३ ते ५ डिसेंबर २०२१ रोजी आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत पार पडले. स्थळ बदलले, अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. पण ग्रंथदिंडी निघाली, परिसंवाद झाले, ठराव झाले. यजमान संस्था टिकून होती, शासनाचे अनुदान होते, तारीख बदलण्याचा अधिकार होता. लांबणीवर पडणे म्हणजे हे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : थांबण्याइतका पैसा, थांबवणारी संस्था आणि हलवता येणारी तारीख.

यांतली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे.

७/
२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून अमलात आली. २५ मार्च २०२० हा गुढीपाडवा होता.

वृत्तपत्रांनी त्या दिवशी घरातल्या घरात उभारलेल्या गुढ्यांची छायाचित्रे छापली, शोभायात्रा रद्द झाल्याची हळहळ नोंदवली. नाशिकचा गोदाघाट त्या सकाळी ढोलांशिवाय उजाडला. पण त्याच दिवशी पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावात जे झाले नाही, ते कोणत्याही राष्ट्रीय कालपटात नाही.

८/
नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे गाव. पाडव्याच्या आधीचे काही आठवडे येथे फडांच्या राहुट्या लागतात. दारात फडाच्या नावाची पाटी, आत सतरंजी, फडमालक किंवा त्याचा व्यवस्थापक, समोर वही. गावोगावच्या यात्रा समित्यांचे लोक येतात, राहुटीतून राहुटीत फिरतात, दर काढतात, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि वहीत तारीख पडते. याला सुपारी म्हणतात. पाडवा हा या बाजाराचा कळसाचा दिवस. सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरीकडच्या मंडळींना महामार्ग धरला की नारायणगाव अवघड नाही.

तमाशाचा हंगाम दसऱ्याला उभा राहतो आणि वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, उतरतो. मधले महिने फड गाव बदलत राहतो. पण कमाई होते ती चैत्र-वैशाखातल्या जत्रांत. त्याआधीचा काळ कसाबसा खर्च भागवण्याचा. पाडव्याच्या दिवशी कुलूप लागणे याचा अर्थ हंगामाच्या शेवटास धक्का लागणे असा नाही. पिकाची राखण झाली, कापणीच्या सकाळी शेतात जायला बंदी झाली, असा आहे.

९/
आता उचल म्हणजे काय ते पाहू. फड उभा करताना मालक कलावंतांना आगाऊ रक्कम देतो. नाचणाऱ्या स्त्रिया, सोंगाड्या, ढोलकीवाला, वगातली पात्रे, तंबू ठोकणारे बिगारी, गाड्यांचे चालक, स्वयंपाकी : मोठ्या फडात ही मंडळी शंभराच्या पुढे जातात. पावसाळ्यात काम नसते, त्यामुळे उचल घरी खर्च होते. मग हंगामभर काम करून ती फेडायची. मालक ही रक्कम बहुधा व्याजाने काढतो आणि चैत्राच्या कमाईतून भागवतो. साखळी अशी आहे : सावकार, मालक, कलावंत. चैत्र गेला की कलावंताकडे उचल फिटलेली नसते, मालकाकडे मुद्दल फिटलेले नसते आणि सावकाराचे व्याज चालूच राहते.

पर्ल जॅमच्या तिकिटाचे पैसे आयोजकाकडे पडून राहिले तर त्याला दोन वर्षांनी कार्यक्रम द्यावा लागतो. फडमालकाने घेतलेले पैसे दोन वर्षे पडून राहिले तर ते वाढतात, आणि त्याच्या विरुद्ध वाढतात.

१०/
यावर सोपे उत्तर दिले जाते : मग जत्रा नंतर भरवायची. येथेच अडते. जत्रा तिथीला भरते. चैत्र पौर्णिमा मार्गशीर्षात हलवता येत नाही. सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सव २०२० मध्ये झाला नाही तो दिवाळीनंतर झाला नाही. तो त्या वर्षी झालाच नाही. गावदेवाची यात्रा चुकली की तिची वर्गणी गोळा होत नाही, वर्गणी नाही म्हणजे सुपारी नाही. आणि पुढच्या वर्षी गाव दोन तमाशे बोलावीत नाही. मागच्या वर्षीचा राहिलेला आणि यंदाचा, असा हिशेब तेथे नसतो.

रॉक दौऱ्याचे पंचांग व्यापारी आहे. त्यातली प्रत्येक तारीख दुसरीइतकीच पवित्र किंवा अपवित्र असते. तमाशाचे पंचांग खरोखरचे पंचांग आहे. एकाच साथीने एकाला उशीर केला आणि दुसऱ्याचे वर्ष पुसले, याचे कारण विषाणूत सापडणार नाही, दिनदर्शिकेत सापडेल.

११/
लग्नाच्या बँडचेही तेच. (मराठीत 'बँड' म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर गिटार येत नाही, लाल कोट, पितळी तुतारी आणि वरातीपुढचा क्लॅरिनेट येतो. 'बँडांचे कार्यक्रम लांबले' हे वाक्य वाचताना त्यांची आठवण कोणाला झाली नाही, हे लक्षणीय आहे.) टाळेबंदीत लग्ने थांबली नाहीत. आधी ५० माणसांत झाली, एप्रिल २०२१ मध्ये २५ माणसांत आणि दोन तासांत उरकली गेली. वधूवर विवाहित झाले, कर्तव्य पार पडले. फक्त वरात निघाली नाही. कोणतेही कुटुंब दीड वर्षाने उरलेली वरात काढीत नाही. त्या दिवसाचे वाजवणे कायमचे गेले. २०२० च्या गणेशोत्सवात मिरवणुकांना मनाई होती, त्या अनंत चतुर्दशीचे ढोलही असेच गेले.

१२/
२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला. त्याच दिवशी संध्याकाळी राज्यात संचारबंदीसदृश निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून लागू झाले. दुसरा पाडवा, दुसरे कुलूप.

निर्बंध चुकीचे होते, असे कोणी म्हणत असेल तर त्याने नाशिककरांसमोर ते म्हणू नये. २१ एप्रिल २०२१ रोजी शहरातील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि २० हून अधिक रुग्णांनी प्राण सोडले. त्या आठवड्यांत हे शहर रुग्णशय्या आणि सिलिंडर शोधत वणवण फिरत होते. जत्रा भरवायला हव्या होत्या, असा येथे दावा नाही. बंदी आवश्यक होती. प्रश्न वेगळा आहे : सर्वांच्या जीवासाठी ज्यांचे काम बंद केले, त्यांच्या बंदीची किंमत कोणी मोजली?

१३/
त्यासाठी कायद्याकडे पाहिले पाहिजे. मार्च २०२० मध्ये राज्याने वापरला तो १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई इलाख्यात ग्रंथिक ज्वराने, म्हणजे प्लेगने, हाहाकार माजवला असताना ब्रिटिशांनी तो घाईघाईने केला. अवघ्या चार कलमांचा. त्या काळी पुण्यात त्याच्या आधाराने झालेली झडती आणि त्यानंतर २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला प्राणघातक हल्ला शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. पण हा कायदा वाचणारे कमी. त्याच्या दुसऱ्या कलमात, उपाययोजनांचा खर्च कोणी आणि कसा सोसायचा हे सरकारने ठरवावे, असे म्हटले आहे. आणि त्या खर्चात नुकसानभरपाईचाही, ती द्यायची झाल्यास, समावेश केला आहे. भरपाईची कल्पना १८९७ च्या वसाहतवादी सरकारलाही सुचली होती! अर्थात 'द्यायची झाल्यास' या पळवाटेसह. सव्वाशे वर्षांनी स्वतंत्र राज्याने कायदा तोच घेतला आणि पळवाटही तीच घेतली.

१४/
राज्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ मध्ये कलावंतांसाठी एकरकमी मदतीची योजना आली. माणशी ५,००० रुपये. सुमारे ५६,००० कलावंतांना ती मिळावी अशी योजना होती. दोन चैत्र बुडाल्यानंतर, एकदाच, पाच हजार. तुलनेसाठी : ब्रिटनने आपल्या कलासंस्थांसाठी १.५७ अब्ज पौंडांचा निधी जुलै २०२० मध्ये, म्हणजे साथ सुरू झाल्यावर चार महिन्यांत, जाहीर केला होता. ब्रिटनची श्रीमंती वेगळी, हे खरे. पण चार महिने आणि दीड वर्ष यांतला फरक श्रीमंतीचा नाही. तेथे नाट्यगृह आणि संगीतगृह ही राष्ट्राची मालमत्ता मानली गेली. येथे राहुटी ही मालमत्ता आहे, हेच कोणाला पटले नाही.

आणि राज्यातील बंदिस्त नाट्यगृहांचे दरवाजे ५ नोव्हेंबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने उघडले, दुसऱ्या लाटेत मिटले, पुन्हा २२ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. कालिदास कलामंदिरात एक खुर्ची सोडून बसता येते. जत्रेच्या मैदानात खुर्चीच नसते, मग सोडायची कोणती? नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे 'प्रेक्षक' म्हणून जो उभा होता तो तिकीट काढून क्रमांकित आसनावर बसणारा होता.

१५/
एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. सगळे रॉक वादक रोलिंग स्टोन्स नव्हते. पुण्या-मुंबईतल्या, नाशिकमधल्या तरुण बँडांना ना मोठी कंपनी होती ना विमा. महाविद्यालयांचे महोत्सव, कॉर्पोरेट समारंभ, उपाहारगृहांतले शनिवार, यांवर त्यांचे चालत असे. ते सारे एका आठवड्यात थांबले. पुण्यात २०१० पासून भरणाऱ्या एनएच७ वीकेंडरचे मैदानही तेव्हा ओस पडले. ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारे तंत्रज्ञ, उपकरणे भाड्याने देणारे, गाडीतून अँप उतरवणारे हमाल यांच्याबाबत 'लांबणीवर' हा शब्द तमाशाइतकाच क्रूर ठरतो.

म्हणूनच सीमारेषा रॉक आणि तमाशा अशी आखणे चूक आहे. ती आहे राखून ठेवता येणारी कला आणि त्याच रात्री संपणारी कला यांच्यामधली. दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडने २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सव गाजवला. पुढची दोन वर्षे वाकेनच झाला नाही. मधल्या काळानंतर त्यांचा पहिला स्वरचित गाण्यांचा अल्बम 'रक्षक' १८ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. त्यांच्याकडे इंटरनेट होते, श्रोते होते, मुद्रणाची साधने होती. ज्या ढोलकीवाल्याकडे फक्त हात आणि उचलीचा हिशेब होता, तो त्या काळात मजुरीला गेला. त्याच्या हातांची दोन वर्षे कोणत्याही अल्बममध्ये नाहीत.

१६/
'सक्तीच्या विश्रांतीतून उत्तम निर्मिती झाली' हा आणखी एक लाडका सिद्धांत. त्याची पाठराखण करणारे नेहमी दोन-चार अल्बमांची नावे घेतात. ज्याला विश्रांतीत जेवायला मिळते त्याच्या विश्रांतीतून निर्मिती होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

१७/
शंभर वर्षांपूर्वीचा दाखला नाशिकच्याच दारात आहे. दादासाहेब फाळके यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ च्या आरंभी उभी राहिली, नाशकात. तिचा पहिला चित्रपट 'श्रीकृष्ण जन्म' २४ ऑगस्ट १९१८ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. ही तारीख नीट पाहावी. इन्फ्लुएन्झाची पहिली लाट जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली होती. दुसरी, खरी मारक, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा ते दोन कोटी माणसे नेल्याचे अंदाज आहेत. म्हणजे फाळक्यांचा चित्रपट दोन लाटांच्या मधल्या फटीत प्रदर्शित झाला. पुढचा गाजलेला 'कालिया मर्दन' आला तो ३ मे १९१९ रोजी.

या आठ महिन्यांवर 'साथीमुळे रखडलेले चित्रीकरण' अशी चिठ्ठी डकवण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा; पुराव्यावाचून ते चौथ्या टप्प्यातील तबकड्यांसारखे होईल. पण दुसरी गोष्ट ठामपणे म्हणता येते. फाळक्यांच्या चित्रपटांच्या तारखा आज दिवसासकट सांगता येतात. १९१८ च्या दसऱ्याला, ऐन दुसऱ्या लाटेत, कोणते फड उभे राहिले आणि त्यांतले किती लोक वैशाखापर्यंत जिवंत राहिले, हे सांगणारे ग्रंथ कपाटात सापडत नाहीत. मुंबईच्या चित्रपटगृहाने तारीख मागे ठेवली. गावच्या पाराने ठेवली नाही.

१८/
हीच चूक दुसऱ्यांदा डोळ्यांदेखत होत आहे. २०२० साठी उद्याच्या संशोधकापुढे काय असेल? कंपन्यांची दिनांकित निवेदने, बँडांच्या समाजमाध्यमांवरील घोषणा, रद्द तिकिटांचे ईमेल, मुलाखती. यांतून तो 'लांबणीवर' हाच शब्द पुन्हा काढील, कारण साधनांत तोच असेल. ज्यांचे काम लांबले त्यांनी कागद निर्माण केले. ज्यांचे काम बुडाले त्यांनी केले नाहीत. साधनांचे हे वाटप वस्तुस्थिती नव्हे, विषमता आहे, आणि संशोधक तिला वस्तुस्थिती समजून बसला तर दोष साधनांचा नसून त्याचा असेल.

चार्ली वॉट्स यांच्या निधनाची बातमी मराठी वृत्तपत्रांनीही छापली, आणि योग्यच केले. त्याच वर्षी २५ मे रोजी कांताबाई सातारकर संगमनेर येथे कोरोनाने गेल्या. पुरुषी भूमिकांत, अगदी शिवछत्रपतींच्या भूमिकेतही, ज्यांनी वगनाट्य गाजवले, फड चालवला, शासनाचा विठाबाई नारायणगावकर पुरस्कार मिळवला, त्या कांताबाई. वय ८२. महामारी आणि संगीत या विषयावर पुढे-मागे जी पुस्तके येतील, त्यांची सूची उघडून आधी 'क' हे अक्षर पाहावे.

१९/
तिसरा पाडवा २ एप्रिल २०२२ चा. राज्य शासनाने कोविडचे उरलेसुरले निर्बंध त्या दिवसापासून उठवले. स्वागतयात्रा निघाल्या, गोदाघाटावर ढोल वाजले, आणि 'सारे पूर्ववत' हे शब्द सर्वत्र उमटले. नारायणगावात राहुट्या पुन्हा लागल्या. मात्र दोन चैत्रांचे व्याज सोबत घेऊन लागल्या.

२०/
ज्या वाचकांचे गाव नाशिक जिल्ह्यात आहे, त्यांच्यासाठी एक काम. गावच्या यात्रा समितीकडे वर्गणीची वही असते. बहुधा साधी लांबट हिशेबवही, देवळाच्या कपाटात किंवा खजिनदाराच्या घरी. तीत प्रत्येक वर्षाच्या पानावर तमाशाचा, बँडचा, मंडपाचा, कुस्तीच्या इनामाचा खर्च लिहिलेला असतो. २०१८ ते २०२३ ही पाने, परवानगी घेऊन, मोबाइलवर टिपून ठेवावीत. देणगीदारांची नावे झाकावीत, आकडे झाकू नयेत. २०२० आणि २०२१ ची पाने कोरी असली तर ती आवर्जून टिपावीत. आणि २०२२ च्या पानावर तमाशाच्या ओळीत आकडा आहे की तेथे आता ऑर्केस्ट्रा किंवा डीजे लिहिले आहे, हे जरूर पाहावे.